लाळेचा जीन रिपोर्ट लाल आला म्हणून रडायच्या आधी: पोटाच्या कॅन्सरची फाईल घरी कशी वाचायची

परवा रविवारी सकाळी सिद्धू, माझा मामेभाऊ, घरी आला तो चप्पल काढायच्या आधीच मोबाईल पुढे करून, "अक्का, हे बघ की, सगळं लालच आलंय." ऑनलाईन किट मागवून त्यात लाळ भरून पाठवली होती त्याने, त्याचा बेचाळीस पानी रिपोर्ट आला होता, आणि एकोणिसाव्या पानावर जठराचं चित्र, त्यावर लाल पट्टी, 'गॅस्ट्रिक कॅन्सर: धोका वाढलेला', खाली चार जीनची नावं. मामांचं पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, त्यामुळे पोरगा रात्रभर झोपला नव्हता. वर इंटरनेटवर शोधाशोध करून संशोधनाचा एक पेपर पण काढला होता, त्यात म्हणे हा जीनचा प्रकार असलेले पेशंट कमी जगतात. म्हणजे एकाच रात्रीत स्वतःचंही टेन्शन आणि बापाचंही.

मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी भांडायला नको. पण रिपोर्ट बघण्यात आयुष्य गेलंय आणि हल्ली असले किटचे रिपोर्ट घेऊन कोण ना कोण येतंच, म्हणून त्याला जे समजावलं ते एकदाच नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

पहिलं काम, सगळे कागद सतरंजीवर पसरा आणि दोन ढीग करा. एका ढिगात लाळेवरून किंवा रक्तावरून केलेली जीनची तपासणी. दुसऱ्यात बायोप्सीच्या किंवा ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यावरून केलेली. हे दोन ढीग कधीच मिसळायचे नाहीत, निम्मी घाबराघाबरी इथेच होते.

सोलापूरकरांना चादरीच्या भाषेत सांगते. जॅकार्डच्या मागावर नक्षी ठरते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर. पुठ्ठ्यातच एखादं भोक वेगळं असेल तर त्याच्यावर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत तो फरक येणारच, मग ती चादर नव्या पेठेत विका नाहीतर दुबईला पाठवा. हे झालं जन्मजात, आईबापाकडून आलेलं, अंगातल्या प्रत्येक पेशीत असलेलं, म्हणून लाळेत पण सापडतं. आता पुठ्ठे ठीक आहेत पण एकाच चादरीत एका जागी धागा तुटून गाठ बसली, ते झालं फक्त त्या गाठीतलं. कॅन्सरच्या गाठीचंही तसंच, तिच्यातले बहुतेक बदल त्या माणसाच्या हयातीत, त्या जागी झालेले असतात आणि ते बायोप्सीच्या तुकड्यातच दिसतात. त्यामुळे सिद्धूच्या लाळेवरून मामांच्या गाठीबद्दल काही कळत नाही, आणि मामांच्या गाठीचा एचईआर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रोटीन) काय आला यावरून सिद्धूला पुढे काही होईल का तेही कळत नाही.

आता लाल पानावरचे ते जीन. आयएल-१बी, आयएल-१आरएन, आयएल-१०, टीएनएफ-अल्फा. काही रिपोर्टात आयएल-८ आणि टीएलआर-४ पण असतात. ही सगळी आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या निरोप्यांची मंडळी. कोणी सूज आणा म्हणून ओरडतो, कोणी बास करा आता म्हणतो, टीएलआर-४ हा दारावरचा वॉचमन, जंतू आला की आत कळवणारा. या जीनमधले जे फरक रिपोर्टात देतात त्यातले बरेच फरक जीनच्या आधीच्या, म्हणजे स्विचच्या भागात असतात. त्याने निरोप्या बदलत नाही, तो किती प्रमाणात तयार होतो ते बदलू शकतं. नक्षी तीच, मागाचा स्पीड वेगळा. आणि हे फरक दुर्मिळ वगैरे अजिबात नाहीत, आपल्या गल्लीत फिरलात तर दर दोन-चार घरांत सापडतील, हे त्या लाल पट्टीवर कोणी छापत नाही.

मग यांचा पोटाच्या कॅन्सरशी संबंध आला कुठून? हे समजून घ्या, कारण ही गोष्ट खरी आहे, किटवाल्यांनी मनाने रचलेली नाही.

जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू राहतो. आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि पुष्कळांना मरेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. १९८४ साली बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने हा जंतू वाढवलेलं मिश्रण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली (आमच्या लॅबमध्ये असला उद्योग कोणी केला असता तर घरी पाठवला असता), २००५ साली त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. मधल्या काळात १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या जंतूला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं होतं.

तर हा जंतू आत आला की भोंगा वाजतो. जुन्या लोकांना मिलचा भोंगा आठवत असेल, कामाची पाळी सुरू झाली की एकदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. आयएल-१ बीटा म्हणजे तो भोंगा. पण जंतू जातच नाही म्हटल्यावर हा वर्षानुवर्षं वाजतच राहतो, आणि याची अजून एक खोड आहे, तो जठरातलं ॲसिड बनणं जबरदस्त दाबतो. ॲसिड कमी पडलं की जो जंतू एरवी जठराच्या खालच्या टोकाला पडून असतो तो वर मधल्या भागात पसरतो, तिथल्या ॲसिड बनवणाऱ्या ग्रंथी हळूहळू वाळतात, मग त्या जागी आतड्यासारखं अस्तर यायला लागतं, मग पेशींचा आकार बिघडतो आणि काही थोड्या लोकांत शेवटी कॅन्सर. याला काही महिने नाही लागत, दशकं जातात. आयएल-१आरएन हा त्या भोंग्याच्या तोंडात बोळा कोंबणारा आहे, आयएल-१० पण शांत करणारा. म्हणजे ज्याचा भोंगा जन्मतःच मोठा आणि बोळा लहान, त्याच्या पोटात सूज जास्त आणि ॲसिड कमी, असा हिशोब.

याच्या उलटं पण होतं बरं का. ज्यांच्यात सूज फक्त खालच्या टोकाला राहते आणि ॲसिड उलट वाढतं त्यांना ड्युओडेनल अल्सर (जठराच्या पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम) होतो, आणि अशा लोकांत हाच जंतू असूनही पोटाचा कॅन्सर कमी दिसतो. एकच पाहुणा पण दोन घरांत दोन तऱ्हा.

२००० साली एमाद एल-ओमर आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंड आणि पोलंडमधल्या लोकांवरून हा आयएल-१ चा संबंध पहिल्यांदा दाखवला आणि मग जगभर या विषयाची लाटच आली. २००३ साली त्यांनीच चार जीनचे धोक्याचे प्रकार एकत्र मोजले, एक प्रकार असेल तर जवळपास तिप्पट, दोन असतील तर पाचपट, आणि तीन किंवा चार असतील तर सुमारे २७ पट. सिद्धूच्या रिपोर्टात हाच आकडा होता, २७ पट, ठळक अक्षरात. बघितल्यावर कोणाचंही धाबं दणाणेल.

आता तो २७ कसा वाचायचा ते. एक तर असे तीन-चार प्रकार एकाच माणसात असणारे लोक त्या अभ्यासात थोडेच होते, आणि थोड्या लोकांवरून काढलेला पट हा असाच उड्या मारतो. दुसरं, तो अमेरिकेतल्या लोकांचा आकडा. पुढे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा आयएल-१आरएनचा संबंध युरोपीय वंशाच्या लोकांत दिसला, पूर्व आशियातल्या लोकांत तसा दिसला नाही. मग सोलापूरच्या माणसाला अमेरिकेचा आकडा लावायचा कसा? भारतात तर गंमतच आहे, पायलोरी भरपूर आणि त्या मानाने पोटाचा कॅन्सर कमी, आणि देशातल्या देशात मिझोरममध्ये सगळ्यात जास्त. तिथे तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरायची पद्धत आहे, धुरी दिलेलं मांस आहे. म्हणजे जंतूचा वाण, खाणं, तंबाखू, जीन, सगळं एकमेकांत गुंतलेलं, एकटा जीन उचलून त्याला दोषी ठरवता येत नाही.

आणि तिसरं, पट म्हणजे किती लोक नाही. समजा एखाद्या गावात हजारात पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा रोग होतो. दुप्पट झालं म्हणजे दहा. म्हणजे 'धोका दुप्पट' असं लाल अक्षरात वाचणाऱ्या हजार जणांतले नऊशे नव्वद जण दुसऱ्याच कशाने तरी म्हातारे होऊन जाणार. रिपोर्टात पट दिला असेल आणि मूळ आकडा दिला नसेल तर ते पान सरळ उलटा.

इथे एक बारीक गोष्ट, बऱ्याच जणांची इथे फसगत होते. डीएनएची अक्षरं चारच, ए, सी, जी, टी. सिद्धू म्हणाला, "पेपरात टी म्हटलंय धोक्याचं आणि माझ्यात टी नाहीच, ए ए आहे, मग लाल का?" तर आयएल-१बी हा जीन डीएनएच्या उलट बाजूच्या धाग्यावर वाचतात. जुन्या पेपरांत उणे ५११ ला (म्हणजे जीन सुरू व्हायच्या ५११ अक्षरं आधीच्या जागेला) सी किंवा टी असं लिहितात, किटवाले तीच जागा आरएस१६९४४ या नंबरने देतात आणि सरळ बाजूने वाचतात, त्यामुळे तिथे सी चा होतो जी आणि टी चा होतो ए. पेपरातला टी टी आणि रिपोर्टातला ए ए एकच. मी हे दोनदा उलटं वाचलेलं बघितलंय, एकदा एका शिकलेल्या माणसाने स्वतःला सेफ समजून पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. टीएनएफ-अल्फाची उणे ३०८ म्हणजे आरएस१८००६२९, आयएल-१० ची उणे १०८२ म्हणजे आरएस१८००८९६, आयएल-८ ची उणे २५१ म्हणजे आरएस४०७३, टीएलआर-४ चा आरएस४९८६७९०. अक्षरावर जाऊ नका, नंबर जुळवा आणि कुठल्या बाजूने वाचलंय ते विचारा. किटवाल्यांच्या कस्टमर केअरला हा प्रश्न विचारून बघा, मजा येते.

आता त्याचा दुसरा आणि खरा भीतीचा प्रश्न, "अक्का, हा जीन असला की पेशंट कमी जगतो म्हणे, पप्पांना पण असणार ना मग?"

असा पेपर हातात आला तर मी काय करते ते सांगते. सगळ्यात आधी बघायचं की पेपर कशाबद्दल बोलतोय. रोग होण्याबद्दल की रोग झाल्यानंतर पुढे काय होतं त्याबद्दल. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींची उत्तरं एकाच दिशेला जातील असं काही नाही. वर्षानुवर्षं सूज राहिली की कॅन्सर सुरू व्हायला जागा मिळते हे खरं, पण कॅन्सर झाल्यावर तीच रोगप्रतिकारशक्ती जागी असली तर फायद्याची पण ठरते. पोटाच्या कॅन्सरमधला एमएसआय-हाय नावाचा (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेला) प्रकार बघा, त्या गाठीत लिम्फोसाइट या रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींची गर्दी असते आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये तो प्रकार इतरांपेक्षा बरा चालतो. म्हणजे सूज वाईट, सूज चांगली, दोन्ही. होण्याच्या अभ्यासात जो प्रकार खलनायक, तो जगण्याच्या अभ्यासात तसाच असेल असं गृहीत धरायचं नाही.

मग पेशंट किती ते बघा. या विषयातले जगण्याचे पेपर बरेचदा एकाच हॉस्पिटलच्या शे-दोनशे पेशंटवरचे असतात. मग स्टेज. पहिल्या स्टेजचे किती, चौथ्याचे किती, आणि हिशोब करताना स्टेज, वय, ट्रीटमेंट सारखी करून घेतली का? नसेल घेतली तर जीनचं नाव आणि स्टेजचं काम असं होऊ शकतं. मग हॅझर्ड रेशो शोधा. १ म्हणजे काही फरक नाही, २ म्हणजे त्या गटात मृत्यूचा वेग दुप्पट. पण त्याच्या शेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, असतो तो वाचायला विसरू नका. समजा १.६ लिहिलंय आणि शेजारी ०.८ ते ३.१, तर मधे १ बसला की, म्हणजे फरक असेल किंवा नसेलही, पेपरवाल्यांनाच खात्री नाही.

आणि किती जीन तपासले ते विचारा. गड्ड्याच्या जत्रेत रिंग टाकायचा स्टॉल असतो ना, वीस रिंगा टाकल्या की एखादी साबणावर बसतेच, तसं आहे. वीस फरक तपासले आणि विसात एक चुकेल एवढी सूट ठेवली तर निव्वळ नशिबाने सरासरी एक तरी 'सापडणार'. म्हणून दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या पेशंटांवर तेच परत दिसलं का हे बघायचं. सिद्धूच्या पेपरात एकशे चाळीस की काय पेशंट होते, सगळ्या स्टेज एकत्र, अकरा फरक तपासलेले आणि एक लागलेला. मी त्याला म्हटलं ही साबणाची वडी आहे, घरी घेऊन जा.

माझं मत विचाराल तर आज घडीला आयएल-१ किंवा टीएनएफच्या असल्या जन्मजात फरकांवरून कुठलाही शहाणा डॉक्टर पोटाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट बदलत नाही, किमोचा डोस ठरवत नाही, किती दिवस आहेत हे सांगत नाही. संशोधनासाठी ते फार चांगले आहेत, रोग होतो कसा ते त्यांनीच शिकवलं. पण तुमच्या घरातल्या एका माणसाचं भविष्य त्यात शोधू नका.

मग कशात शोधायचं? दुसऱ्या ढिगात. इथे जरा सावकाश चला.

ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट काढा. त्यात गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली ते टी, आणि किती लिम्फ नोड (जठराच्या आजूबाजूच्या लसिका ग्रंथी) बघितले, त्यातल्या किती नोडमध्ये कॅन्सर होता ते एन. मामांच्यात २३ पैकी ४ होत्या. हा पहिला आकडा पण महत्त्वाचा, निदान १६ तरी नोड तपासलेल्या असाव्यात, नाहीतर 'नोडमध्ये काही नाही' याला फारसा अर्थ राहत नाही. मार्जिन बघा, कापलेल्या कडेला कॅन्सर उरलाय का. प्रकार बघा, इंटेस्टायनल (ग्रंथींसारखी गाठ करणारा) की डिफ्यूज (सुट्या सुट्या पेशींनी पसरणारा), सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी) असं लिहिलंय का. पुढे काय होणार याचं सगळ्यात जास्त उत्तर या चार ओळींत असतं आणि लोक याच चार ओळी सोडून बाकीचं वाचतात.

मग त्याच तुकड्यावरच्या खास टेस्ट. एचईआर-टू, तो ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, २+ आला तर फिश नावाची पुढची टेस्ट लागते, तिथे थांबून 'दोन प्लस म्हणजे थोडं पॉझिटिव्ह' असं काही नसतं. पसरलेल्या रोगात पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे एचईआर-टूवरचं औषध देता येतं, २०१० पासून याचा पुरावा आहे. मग एमएमआर किंवा एमएसआय, म्हणजे ती दुरुस्तीची यंत्रणा नीट आहे का. मग पीडी-एल१ (रोगप्रतिकारशक्तीचा ब्रेक दाबणारं प्रोटीन), जो सीपीएस म्हणून आकड्यात येतो. आणि हल्ली क्लॉडिन १८.२ हे गाठीवरचं अजून एक प्रोटीन पण विचारतात.

हे बघा, इम्यून सिग्नलचा जीव खरा इथे आहे. पीडी-१ हा आपल्या टी पेशींचा (कॅन्सरशी लढणाऱ्या लिम्फोसाइटचा) ब्रेक, कॅन्सर तो ब्रेक दाबून धरतो, आणि निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधं तो पाय बाजूला काढतात. अशा ब्रेकवरच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. एमएसआय-हाय गाठीत ही औषधं फार चांगली चालतात. औषधं महाग आहेत, सगळ्यांना लागतातच असं नाही, पण टेस्ट केलीच नाही तर लागत होती की नाही तेही कळणार नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारायचं, "सर, एमएमआर आणि एचईआर-टू झालंय का? नसेल तर का नाही?" ओपीडीत लाईन मोठी असते, सर घाईत असतात, म्हणून कागदावर लिहून न्या. आमच्या मामी तर हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून न्यायच्या, दुधाच्या हिशोबाशेजारी.

आता पहिल्या ढिगात परत येऊ. कारण जन्मजात जीन सगळेच निरुपयोगी असं मी म्हणत नाहीये, दोन-तीन ठिकाणी ते फार कामाचे आहेत, फक्त किटवाले नेमके ते देत नाहीत किंवा अर्धवट देतात.

एक डीपीवायडी. पोटाच्या कॅन्सरच्या किमोत ५-एफयू किंवा त्याची गोळी कॅपेसिटाबिन बहुतेक असतेच, मामांना फ्लॉट (चार औषधांची किमो) दिली त्यातही ५-एफयू होतं, चार सायकल ऑपरेशनच्या आधी, चार नंतर. ५-एफयू शरीरातून मोडून काढणारं एन्झाइम या डीपीवायडी जीनमुळे बनतं. थोड्या लोकांत ते जन्मतः कमी असतं, त्यांना नेहमीचा डोस दिला तर तोंड सोलवटतं, जुलाब, पांढऱ्या पेशी धडाधड खाली, कधीकधी जीवावर बेततं. किमोच्या आधी रक्तावरून हे बघता येतं आणि डोस कमी करता येतो. रिझल्टवर परिणाम करणारा जन्मजात जीन शोधताय ना, हा घ्या. किमो सुरू व्हायच्या आधी विचारा, तिसऱ्या सायकलनंतर विचारून उपयोग नाही.

दुसरा सीडीएच१. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात हा सापडला, पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं पोटाच्या कॅन्सरने जात होती. हा भोंग्याच्या स्पीडचा प्रकार नाही, पेशींना एकमेकांना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीनच यात बिघडतं. दुर्मिळ आहे, पण असला तर गंभीर. हा तपासायचा की नाही हे लाळेचं किट सांगत नाही, वंशावळ सांगते. म्हणून एक कोरा कागद घ्या, आजोबा-आजीपासून सगळे काढा, काका, आत्या, मामा, मावशी, त्यांची मुलं, कोणाला कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. 'पोटात पाणी झालं होतं' एवढंच माहीत असेल तर तेही लिहा. डिफ्यूज प्रकार पन्नाशीच्या आत झाला असेल, घरात पोटाच्या कॅन्सरचे दोन पेशंट आणि त्यातला एक डिफ्यूज असेल, किंवा एकाला डिफ्यूज आणि दुसऱ्या कोणाला लोब्युलर प्रकारचा स्तनाचा कॅन्सर असेल तर हा कागद घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे जा. आतड्याचे, गर्भाशयाचे कॅन्सर घरात बरेच असतील तर लिंच सिंड्रोमचाही (घराण्यात चालणारा अजून एक जन्मजात दोष) विचार होतो. सिद्धूच्या कागदावर मामा सोडून कोणीच नव्हतं, मामा एकसष्टीचे आणि प्रकार इंटेस्टायनल, म्हणजे ही वाट त्याच्यासाठी जवळपास बंदच. त्याचा चेहरा इथे पहिल्यांदा जरा सुटला.

आणि आता जे सिद्धूने त्याच दिवशी करायला पाहिजे होतं आणि किटच्या बेचाळीस पानांत ज्याला अर्धी ओळ होती, ती पायलोरीची टेस्ट. जीन बदलता येत नाही, जंतू काढता येतो. कोरियात पोटाच्या कॅन्सरच्या पेशंटांच्या सख्ख्या नातेवाइकांवर एक मोठी ट्रायल झाली, २०२० साली छापून आली, १६७६ जण, सगळ्यांच्यात जंतू, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना खोट्या गोळ्या. नऊ वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं, औषध घेतलेल्यांत १० जणांना कॅन्सर झाला, खोट्या गोळ्यावाल्यांत २३. निम्म्याहून कमी. कोरियात हा रोग आपल्यापेक्षा खूप जास्त, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे आणता येणार नाहीत, पण आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कोणाला पोटाचा कॅन्सर झालाय त्याने डॉक्टरांना ही टेस्ट विचारायलाच हवी.

टेस्ट कशी करायची तर शौचाच्या नमुन्यातलं अँटिजेन किंवा युरिया ब्रेथ टेस्ट. एंडोस्कोपी होणारच असेल तर त्यातच तुकडा घेऊन होते. रक्तातली अँटिबॉडी टेस्ट स्वस्त असते म्हणून लोक ती करतात, पण ती जंतू जाऊन कित्येक दिवस झाले तरी पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे 'गेला का' या प्रश्नाला ती चालत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक, ज्याच्यामुळे आमच्याकडे खोटे निगेटिव्ह येतात, ती म्हणजे ॲसिडिटीची गोळी. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल लोक शेंगदाण्यासारखी खातात. टेस्टच्या आधी दोन आठवडे ती बंद पाहिजे आणि चार आठवडे कुठलंही अँटिबायोटिक नको, अर्थात डॉक्टरांना विचारून, ज्याला रक्तस्रावाचा अल्सर वगैरे आहे त्याने मनाने बंद करायची नाही. नमुना द्यायला आलात की टेक्निशियनला आपणहून सांगा काय काय गोळ्या चालू आहेत, आम्ही विचारतो पण लोक 'गोळी नाही, ती गॅसची आहे' असं म्हणतात.

पॉझिटिव्ह आली तर औषधं बहुतेक चौदा दिवसांची असतात, तीन-चार गोळ्या एकत्र, तोंड कडू होतं, पोट बिघडतं, आणि आठव्या दिवशी बरं वाटायला लागलं की लोक सोडतात. सोडू नका, अर्धवट कोर्सने जंतू हुशार होतो. संपल्यावर निदान चार आठवडे थांबून परत टेस्ट करून जंतू गेलाय याची खात्री करा, ही दुसरी टेस्ट दहातले आठ जण करतच नाहीत असा माझा आपला काउंटरवरचा अंदाज.

खाण्याबद्दल सिद्धूच्या रिपोर्टात दोन पानं होती आणि शेवटी त्याच कंपनीच्या हळदीच्या कॅप्सूलची जाहिरात, यावर मी काही बोलत नाही. बिडी-सिगारेटचा पोटाच्या कॅन्सरशी संबंध पक्का आहे, खारवलेल्या पदार्थांचा आहे, एवढं धरा. शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर खापर फोडू नका, मामा अजून खातात, भाकरी दुधात कुस्करून, दिवसातनं सहा वेळा थोडं थोडं, कारण जठर पूर्ण काढलंय. त्यांना बी-१२ चं इंजेक्शन मात्र कायम लागतं, ते चुकलं की हातापायाला मुंग्या येतात आणि घरचे म्हणतात कॅन्सर परत आला. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

शेवटचं फाईलबद्दल. रिपोर्टच्या कागदापेक्षा मौल्यवान वस्तू म्हणजे पॅराफिन ब्लॉक, मेणात बसवलेला तो तुकडा. पुढे नवीन टेस्ट निघाली तर त्याच्यावरच होणार. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला किंवा मुंबईला परळच्या टाटाला सेकंड ओपिनियनला जाणार असाल तर लॅबकडे ब्लॉक आणि स्लाईड दोन्ही मागा, सही करून मिळतात, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी तिथेच उभं राहून जुळवा. सोलापूरचा उन्हाळा आहे, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर मेण वितळेल. मामी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेल्या तेव्हा ब्लॉक स्टीलच्या लहान डब्यात रुमालात गुंडाळून उशाशी घेऊन झोपल्या होत्या, आणि मधल्या कुठल्या तरी स्टेशनला शेजारच्या बाईने विचारलं, "मावशी, डब्यात काय, चटणी का?" तर म्हणाल्या, "नाही ओ, मालकांचं पोट आहे."

सिद्धूचा नमुना मंगळवारी येणार होता, पण त्याने सोमवारी रात्री पॅन्टोप्राझोल घेतली म्हणे, सवयीने. आता दोन आठवडे थांबायचं.